डिले आणि पिच शिफ्टर पेडल घेताय? घरी गोड वाटणारा आवाज मैदानात का बिघडतो, ते आधी वाचा

गणपती, लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा. बेंजो पार्टी आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचं वर्ष या हंगामांवर चालतं. हंगाम जवळ आला की पोरं पैसे जमवून ‘इफेक्ट’ घ्यायला निघतात. डिलेचं पेडल, पिच शिफ्टर, नाहीतर दोन्ही एकाच डब्यात असलेला प्रोसेसर. घरी खोलीत लावून बघितला की अंगावर काटा येतो. तोच डबा मैदानात लावला की सूर कुठला आणि त्याचा पडसाद कुठला, काहीच कळत नाही. मग पेडल खराब निघालं म्हणून ते पडेल भावात विकायचं आणि त्याहून महाग घ्यायचं.

बहुतेक वेळा पेडलमध्ये काही बिघाड नसतो. आत काय चालतं हे माहीत नसल्यामुळे पैसे जातात. ही पेडलं मुळात इलेक्ट्रिक गिटारसाठी तयार झाली. आपल्याकडचा बेंजो, म्हणजे बटणांचा, पिकअप लावलेला बुलबुल तरंग, त्याच पेडलमधून वाजतो. त्यामुळे गिटारचे नियम त्यालाही बऱ्यापैकी लागू पडतात, थोडा फरक आहे तो पुढे येईलच.

डिले म्हणजे नेमकं काय?

डोंगराच्या कड्यासमोर उभं राहून हाक मारा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरवर असेल तर हाक जाऊन परत यायला एक सेकंद लागतो. ८५ मीटरवर असेल तर अर्धा. पेडल हेच करतं, फक्त कड्याऐवजी आत यंत्र असतं. वेळ मिलिसेकंदात मोजतात. एक सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद.

आता त्या हाकेची आणखी एक गोष्ट आठवून बघा. परत आलेली हाक नुसती हळू नसते, ती बोथट झालेली असते. ‘स’, ‘च’, ‘ट’ची धार वाटेत हवेनं, झाडीनं खाल्लेली असते. म्हणून आपल्या कानाला मूळ हाक जवळची आणि परत आलेली लांबची वाटते, दोन्हींची गल्लत होत नाही. डिले पेडलच्या आवाजाचा सगळा खेळ या बोथटपणात आहे. दुकानदार हे सांगत नाही, कारण डब्यावर छापायला ‘स्वच्छ आवाज’ आणि ‘जास्त सेकंद’ हेच बरं दिसतं.

पेडलवर तीन खुंट्या तर असतातच. टाइम म्हणजे किती वेळानं परत यायचं. फीडबॅक किंवा रिपीट म्हणजे किती वेळा. लेव्हल किंवा मिक्स म्हणजे किती मोठ्यानं. १०० मिलिसेकंदांच्या आसपास आणि एकच पडसाद ठेवला तर आवाज भरीव होतो, याला स्लॅपबॅक म्हणतात. ३०० ते ५०० मध्ये पडसाद वेगळा ऐकू येतो. अगदी ३० च्या खाली वेगळा पडसाद ऐकूच येत नाही, एकाच्या जागी दोघे वाजवतायत असं वाटतं.

टेप, बादल्या आणि चिप

सुरुवात टेपवर झाली. अमेरिकेत मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत १९५४ साली एल्विस प्रेस्लीची पहिली गाणी झाली, तेव्हा दोन टेप मशीन वापरून हा स्लॅपबॅक काढायचे. रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. टेप तेवढं अंतर कापेपर्यंत जो वेळ लागतो, तोच डिले. पुढे टेपची माळ फिरवणाऱ्या पेट्या आल्या. अमेरिकेची इकोप्लेक्स, १९७४ सालची जपानी रोलँड आरई-२०१. इटलीच्या बिन्सन कंपनीच्या पेटीत तर टेपऐवजी फिरती चुंबकी चकती होती, पिंक फ्लॉइडनं ती खूप वाजवली.

टेपवर प्रत्येक फेरीला ट्रेबल थोडा गळतो. कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची पुन्हा कॉपी केलेल्यांना हे माहीत आहे. शिवाय मोटर एकसारखी फिरत नाही, म्हणून सूर किंचित डुलतो. ही खरं तर मशीनची खोट. पण तीच कानाला आवडली.

मग १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत एक वेगळी चिप निघाली. तिचं नाव ‘बकेट ब्रिगेड’. गंजीला आग लागली की विहिरीपासून गंजीपर्यंत माणसं रांगेनं उभी राहतात आणि भरलेली बादली हातोहात पुढे जाते, तसंच. चिपमध्ये हजारो छोटे कपॅसिटर ओळीनं असतात आणि आवाजाचा विजेचा भार एकातून दुसऱ्यात सरकत जातो. शेवटच्या माणसापर्यंत बादली पोचायला लागणारा वेळ हा आपला डिले. पाणी वाटेत सांडतंही, म्हणजे थोडी सरसर मिसळतेच.

आता एक हिशोब, कारण पेडल घेताना तो कामाला येतो. बॉस कंपनीचं डीएम-२ हे पेडल १९८१ साली आलं. त्याच्या सुरुवातीच्या पेडलमध्ये एमएन३००५ ही ४०९६ टप्प्यांची चिप होती आणि जास्तीत जास्त डिले ३०० मिलिसेकंद. माणसं तेवढीच आणि वेळ जास्त हवा असेल तर एकच उपाय, बादली हळू सरकवा. ३०० मिलिसेकंदांसाठी ती चिप सेकंदाला सुमारे ६८०० ठोक्यांवर चालवावी लागते. या पद्धतीत ठोक्यांच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज धड जातो, म्हणजे ३४०० हर्ट्झच्या आत. त्यावरचं सगळं मुद्दाम गाळावं लागतं, नाहीतर शिट्ट्या ऐकू येतात. म्हणून अ‍ॅनालॉग डिलेत टाइमची खुंटी जशी पुढे न्याल तसा पडसाद गढूळ होत जातो. पेडल बिघडलंय असं समजून पोरं ते परत करायला जातात!

१९८३ साली बॉसनंच डीडी-२ आणलं, छोट्या पेडलमधला पहिला डिजिटल डिले. आवाजाचे आकडे करून मेमरीत ठेवायचे आणि ८०० मिलिसेकंदांपर्यंत थांबून परत वाचायचे. १२ बिट, म्हणजे आवाजाच्या उंचीसाठी ४०९६ पायऱ्या. आजच्या सीडीला १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या असतात. पुढची डिजिटल पेडलं आणखी स्वच्छ होत गेली. पडसाद मूळ सुराइतकाच धारदार यायला लागला आणि तिथेच वाजवणाऱ्यांची तक्रार सुरू झाली. मूळ आणि पडसाद दोन्ही सारखेच पुढे, दोन माणसं एकदम बोलल्यासारखं. म्हणून आज महागातल्या महाग डिजिटल डिलेवरही ‘टेप’ आणि ‘अ‍ॅनालॉग’ अशी बटणं असतात. चांगला आवाज मुद्दाम थोडा बोथट करण्यासाठी कंपन्या मेहनत घेतात आणि आपण त्याचे पैसे देतो.

स्वस्त पेडलमधली आपल्या ओळखीची चिप

स्वस्तातल्या खूपशा डिले पेडलमध्ये पीटी२३९९ नावाची तैवानी चिप असते. कराओके मशीनमध्ये, आपल्याकडच्या माईकच्या इको बोर्डात, छोट्या मिक्सरच्या इकोतही हीच बसते. भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘इको’ लिहिलेली खुंटी फिरवली असेल, तर तुम्ही बहुधा ती वाजवलीच आहे. ही चिप आतून डिजिटल आहे, तरी पडसाद मऊ आणि थोडा धुरकट देते. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती नीट चालते. त्यापुढे ताणली की खरखर आणि फाटलेपणा वाढत जातो. म्हणून या चिपच्या पेडलवर ‘६०० मिलिसेकंद’ लिहिलेलं बघून हुरळू नका. शेवटची अर्धी खुंटी शोभेची आहे असं धरून चाला. पण तीनशेच्या आत ठेवणार असाल तर स्वस्त म्हणून या चिपला नाक मुरडायचं काही कारण नाही, माझ्या कानाला तर ती बेंजोवर महागड्या स्वच्छ डिलेपेक्षा बरी लागते. बेंजोच्या पोलादी तारांना आधीच इतकी धार असते की धारदार पडसाद नकोसा होतो.

मैदान स्वतःच एक डिले आहे

खोलीत गोड आणि मैदानात चिखल, असं का होतं ते इथे आहे.

स्टेजजवळ कर्णे आणि तिथून ६० मीटरवर मागच्या लोकांसाठी दुसरे कर्णे. वायरीतून आवाज दोन्हीकडे एकाच वेळी पोचतो, पण हवेतून स्टेजचा आवाज मागे जायला १७५ मिलिसेकंद लागतात. मागे बसलेला माणूस प्रत्येक सूर दोनदा ऐकतो. शिवाय देवळाची भिंत, शाळेची इमारत, पत्र्याचा मंडप हे आपापला पडसाद देतात ते वेगळेच. त्यावर तुमच्या पेडलचे चार रिपीट पडले की एका सुराचे आठ-दहा तुकडे होतात. पुढचा सूर त्यांच्याखाली गाडला जातो.

म्हणून घरी जी सेटिंग आवडली, तिच्यातला मिक्स मैदानात निम्म्यावर आणा आणि रिपीट दोनवर. पेडल बंद केल्यावर काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं पाहिजे, पण चालू असताना पडसाद मोजता येऊ नयेत, इतपतच. स्टेजवर उभं राहून हे ठरवू नका. मित्राला वाजवायला सांगून स्वतः मागच्या रांगेत जाऊन ऐका. आणि साऊंडवाल्याला विचारा, त्यानं मिक्सरवरून तुमच्या चॅनलला वेगळा इको दिलाय का. दोघांनी दिला असेल तर एकानं काढायचा.

दुसरं, लय. पडसाद लयीत बसला तर तो ठेक्याचा भाग होतो, नाही बसला तर अडखळल्यासारखं वाटतं. हिशोब सोपा आहे. मोबाइलवर १५ सेकंद लावा, तेवढ्यात किती मात्रा पडतात ते मोजा आणि चारनं गुणा. ६०,००० ला त्या आकड्यानं भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा ५०० ची, अर्धी २५० ची आणि पाऊण ३७५ ची. यू-टू बँडचा गिटारवादक एज पाऊण मात्रेच्या डिलेवर वाजवतो. हात साधं वाजवतो आणि ऐकू येते दुप्पट दाट नक्षी.

मिरवणुकीत मात्र लय चढत जाते. सुरुवातीला लावलेला टाइम दहा मिनिटांत चुकीचा ठरतो. पायानं ठेका देऊन टाइम बदलणारं टॅप टेम्पोचं बटण असेल तर उत्तम. नसेल तर मिरवणुकीत १०० च्या आसपासचा एकच पडसाद ठेवा, तो कुठल्याही लयीत खपतो.

पिच शिफ्टर: सूर उचलायचा, पण वेळ नाही

कॅसेट जोरात पळवली की आवाज बारीक होतो, पण गाणंही लवकर संपतं. पिच शिफ्टरला सूर चढवायचा असतो आणि वेळ तितकाच ठेवायचा असतो. त्यासाठी तो आवाज मेमरीत लिहीत जातो आणि वेगळ्या वेगानं वाचत जातो. सप्तक वर न्यायचं तर दुप्पट वेगानं वाचायचं. पण वाचणारा लिहिणाऱ्याला गाठतो, पुढे काही लिहिलेलंच नसतं. मग तो थोडा मागे उडी मारून तोच तुकडा पुन्हा वाचतो. खाली उतरवताना उलटं, तो मागे पडत जातो आणि मधला तुकडा गाळून पुढे उडी मारतो. प्रत्येक उडीच्या जागी सांधा येतो. सांधा नीट जुळला नाही की थरथर, गुळगुळ, कधी बकरीसारखा आवाज.

स्वस्त आणि महाग पिच शिफ्टरमधला खरा फरक या सांध्यात असतो. सांधा जुळवायला यंत्राला तारेचं कंपन ओळखावं लागतं. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. एक-दोन कंपनं बघितल्याशिवाय यंत्राला काही ठरवता येत नाही. त्यामुळे जाड तारांवर सूर किंचित उशिरा येतो. जलद वाजवताना बोट पुढे आणि आवाज मागे, हे त्याच्यामुळे. बारीक तारांवर हा त्रास कमी.

एका वेळी एकच तार वाजवली तर काम सोपं. दोन-तीन तारा एकत्र वाजल्या की जुनी आणि स्वस्त यंत्रं गोंधळतात. बेंजोवाल्यांना फरक पडतो तो इथे. बेंजोला सुराच्या तारांबरोबर साथीच्या ताराही असतात, त्या मागे घुमत राहतात. पिच शिफ्टर चालू करायचा असेल तर साथीच्या तारा कापडाची पट्टी लावून दाबा. गुळगुळ बरीच कमी होते.

हे यंत्र बाजारात आणलं अमेरिकेच्या इव्हेंटाइड कंपनीनं, १९७० च्या दशकाच्या मध्यात, एच९१० हार्मोनायझर नावानं. डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या ‘लो’ अल्बममध्ये निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीनं त्यातून ड्रम काढला. पिच किंचित खाली आणि आवाज पुन्हा पुन्हा त्यातूनच फिरवलेला, त्यामुळे प्रत्येक ठोका मारल्यावर खाली घसरत जातो. पायानं दाबून सूर वर-खाली नेणारं डिजिटेकचं व्हॅमी पेडल नंतर आलं. रेज अगेन्स्ट द मशीन बँडच्या टॉम मोरेलोनं १९९२ च्या ‘किलिंग इन द नेम’मध्ये ते वाजवलं. त्या आवाजात खरेपणा शोधायला जाऊ नका, तो यंत्राचाच आवाज आहे आणि तसाच हवा होता.

आपल्याकडे जास्त मागणी असते ती जोडसुराची, म्हणजे एक वाजवला की दोन ऐकू यायला हवेत. इथे सरगम माहीत असेल तर फसगत टळते. पेडल ‘मेजर थर्ड’ला लावलं की ते प्रत्येक सुराच्या चार पट्ट्या वरचा सूर जोडतं. सा वाजवलात की शुद्ध गंधार, छान. रे वाजवलात की मात्र तीव्र मध्यम! शुद्ध सुरांच्या गाण्यात तो खटकतो आणि लोक म्हणतात, बेंजो बेसूर आहे. पंचमाची जोड त्यामानानं सुरक्षित. सा ला पंचम, रे ला धैवत, असं सरळ जातं आणि शुद्ध सुरांत फक्त निषादापाशी तीव्र मध्यम डोकावतो. सप्तकाची जोड कधीच चुकत नाही.

‘इंटेलिजंट’ लिहिलेल्या हार्मोनायझरला पट्टी सांगता येते आणि तो त्या पट्टीतलेच सूर जोडतो. पण पट्टी तुम्ही सांगायची आहे. गायक काळी दोनला गाणार असेल तर डी शार्प किंवा ई फ्लॅट लावा, पांढरी चारला असेल तर एफ. पुढचा गायक वेगळ्या पट्टीत गाणारा असेल तर मध्येच बदलायची आठवण कोणीतरी ठेवायला हवी. नाही तर सप्तकच बरं.

सूर जेमतेम दहा-पंधरा सेंट हलवून मूळ आवाजात मिसळला तर आवाज जाड होतो. एका पट्टीचे १०० सेंट असतात, म्हणजे हा फरक फारच बारीक. एकट्या बेंजोला भारदस्त करायला माझ्या मते पिच शिफ्टरचा हाच सगळ्यात चांगला उपयोग आहे, आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही.

क्रम, वायर आणि अडॅप्टर

पिच शिफ्टर वाद्याच्या जवळ, डिले शेवटी. आधी डिले लावला तर पिच शिफ्टरला मूळ सूर आणि पडसाद एकत्र मिळतात आणि तो गडबडतो. डिस्टॉर्शन वापरत असाल तर सप्तकाची किंवा पंचमाची जोड त्याच्या आधी चालते. गंधाराची जोड मात्र डिस्टॉर्शनमध्ये गेली की गुरगुरते, तेव्हा ती नंतर घ्या. डिले डिस्टॉर्शनच्या आधी कधीच नको, पडसादही फाटून मूळ सुराइतका मोठा होतो.

पिकअपपासून पहिल्या पेडलपर्यंतची वायर जितकी लांब तितका ट्रेबल गळतो. पाच मीटरच्या आत ठेवा. लांब वायर हवीच असेल तर ती पेडलच्या पुढे, मिक्सरकडे जाणाऱ्या बाजूला.

बरीचशी पेडलं ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेत मधला भाग वजा असतो. घरातल्या इतर वस्तूंच्या अनेक अडॅप्टरमध्ये मधला भाग अधिक असतो. पिन बसते म्हणून लावलं आणि पेडल गेलं, असं होतं. पेडलवर गोल चिन्ह छापलेलं असतं, अडॅप्टरवरचं चिन्ह त्याच्याशी जुळवा. मिलिअँपिअरचा आकडा पेडलला लागतो तेवढा किंवा जास्त असावा. एकाच अडॅप्टरवरून वायरीची साखळी करून डिजिटल आणि अ‍ॅनालॉग पेडलं चालवली तर बारीक ‘टीं’ असा आवाज घुसतो. तो सगळ्यांना पेडलचा दोष वाटतो. डिजिटलला वेगळं अडॅप्टर दिलं की बहुतेकदा तो जातो.

शेवटी, मोबाइलवर व्हिडिओ बघून पेडल निवडताय तर हेडफोन लावून बघा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, त्यामुळे गढूळ पेडलही स्वच्छ वाटतं. दुकानात किंवा जुनं घेताना स्वतःचं वाद्य न्या आणि एवढं करा: पेडल बंद ठेवून सूर ऐका, मग चालू करून मिक्स शून्यावर ठेवून तोच सूर ऐका. दोन्हीत फरक आला, आवाज पातळ किंवा दबका झाला, तर पेडल तुमचा मूळ सूरच खातंय. मग टाइम पूर्ण पुढे नेऊन एकच सूर वाजवा आणि पडसाद विरेपर्यंत खरखर किती येते ते ऐका. पिच शिफ्टर असेल तर सगळ्यात जाड तारेवर एक सूर चार-पाच सेकंद धरून ठेवा. सांध्याची थरथर लपत नाही.